शहराची खतावणी कोण लिहिणार?

महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांच्या कायद्यात ६७अ या क्रमांकाचे एक कलम आहे. आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत, सरलेल्या वर्षातील शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवला पाहिजे, असे ते सांगते. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, शहरांच्या कारभाऱ्यांच्या कामांच्या यादीत पर्यावरणाचे रक्षण हेही एक काम म्हणून दाखल झाले आणि पाठोपाठ हे कलम आले. तेव्हापासून अहवाल निघत आहेत. काही वेळेवर, काही उशिरा. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर नदीचे एखादे देखणे छायाचित्र, आत हवा, पाणी, कचरा, आवाज, झाडे अशी प्रकरणे. २०२२ नंतर निवडणुका लांबल्यामुळे कित्येक महापालिकांत काही वर्षे सभागृहच नव्हते आणि आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे आयुक्तांनी अहवाल लिहायचा आणि आयुक्तांपुढेच ठेवायचा, अशी मौज त्या काळात झाली.

हे अहवाल मी हौसेने वाचतो. निवृत्त माणसाला असल्या हौशी परवडतात. एका शहराचे लागोपाठ तीन वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले, तेव्हा विहिरींवरचा परिच्छेद तिन्ही अहवालांत स्वल्पविरामासकट तोच होता. विहिरींची संख्या तीच, पाण्याची पातळी तीच. मधल्या तीन वर्षांत एका साली पाऊस धो धो झाला होता आणि एका साली ओढ दिली होती. पण अहवालातल्या विहिरी स्थितप्रज्ञ.

बँकेत कॅश क्रेडिटचे कर्ज घेतलेला व्यापारी दरमहा आपल्या गोदामातल्या मालाचे विवरण देतो. त्याला आम्ही स्टॉक स्टेटमेंट म्हणत असू. नव्या अधिकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात शिकवले जाई, की दोन महिन्यांचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे आले, तर माल हलला नाही असे समजू नकोस. मोजायला कुणी गेलेच नाही, असे समज. मग आपण स्वतः जायचे, थप्प्या मोजायच्या, मागच्या रांगेतले एखादे पोते उसवून बघायचे. पुढच्या पोत्यांत तांदूळ आणि मागच्यात भुसा, हा प्रकार मी नोकरीत दोनदा पाहिला. दोन्ही वेळा विवरणपत्र अगदी नीटनेटके होते.

हिशेबाच्या जगातला सगळ्यांत जुना नियम असा, की माल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच तो मोजायचा आणि त्यानेच तो बरोबर असल्याचा दाखला द्यायचा, हे चालणार नाही. शहरांच्या बाबतीत मात्र आपण हेच चालू दिले आहे. पाणी सोडणारी महापालिका, ते मोजणारी महापालिका आणि त्यावर अहवाल लिहिणारीही महापालिका, किंवा तिने निविदा काढून नेमलेला सल्लागार. गोदामात जाऊन पोते उसवणारा कुणी नाही.

माझे म्हणणे असे, की हे काम विद्यापीठांचे आहे. शहराला टिकवण्यात विद्यापीठाचा वाटा कोणता, याची चर्चा सुरू झाली की परिसंवाद, सामंजस्य करार, वृक्षारोपण आणि सौरदिवे यांची यादी वाचली जाते. ती कामे वाईट नाहीत. पण ती दुसरेही कुणी करू शकते. शहराची कीर्द-खतावणी तटस्थपणे आणि पिढ्यान्‌पिढ्या लिहीत राहणे, हे दुसऱ्या कुणालाही जमण्यासारखे नाही.

आधी एका शब्दाचा निकाल लावू. 'शाश्वत विकास' हा शब्द आता रूढ झाला आहे, पण मला तो कधी पचला नाही. शाश्वत म्हणजे ब्रह्म. नळाला येणारे पाणी नव्हे. काही जण 'टिकाऊ' म्हणतात, पण त्या शब्दाला चपलेच्या दुकानाचा वास आहे. आपल्या घरांत याला फार साधे नाव होते : पुरवून वापरणे. महिनाअखेरपर्यंत साखर पुरवायची, तर पहिल्या तारखेला डब्यात किती होती आणि रोज किती निघते, हे घरातल्या बाईच्या डोक्यात पक्के असायचे. शहर पुरवून वापरायचे, तर शहराच्या डब्यात काय आहे हे कुणाच्या तरी डोक्यात किंवा वहीत पाहिजे. ती वही हाच सगळा प्रश्न आहे.

ही कल्पना मला सुचलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी ती आपल्याकडे येऊन, रुजल्यासारखी होऊन, मग विस्मरणात गेली. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला. नगररचनाकार म्हणून त्याला संस्थानिकांची आणि सरकारची बोलावणी येत. त्या काळच्या अभियंत्यांचा खाक्या असा, की नकाशावर पट्टी ठेवायची आणि जुन्या वस्तीतून सरळ रस्ता काढायचा. गेडिस आधी गल्लीबोळांतून दिवसचे दिवस पायी हिंडे; विहिरी, पार, ओढे, रिकामे परडे, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटा टिपून घेई. आधी निदान, मग उपचार, हे त्याचे सूत्र. निदान नीट केले तर निम्मी पाडापाडी करावीच लागत नाही, असे तो सप्रमाण दाखवी.

इंदूरची त्याची हकीकत प्रसिद्ध आहे. शहरात प्लेगची दहशत होती. होळकर महाराजांनी गेडिसला एका दिवसापुरते सगळे अधिकार दिले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याने हुकूम काढला नाही, दंड बसवला नाही. दिवाळीला मोठी मिरवणूक काढायची, असे जाहीर केले. आणि ती नेहमीच्या वाटेने न जाता ज्या गल्ल्यांनी सर्वांत जास्त घरे स्वच्छ आणि दुरुस्त केली असतील त्या गल्ल्यांतून जाईल, असे सांगितले. आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून इंदूर झाडून निघाले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता आणि एक भलामोठा उंदीरही. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिले येणारे इंदूर ते हेच. मधल्या शंभर वर्षांची साखळी जोडून दाखवण्याचा मोह मी टाळतो. पण लोकांचा अभिमान जागा करून काम होते, हे त्या शहराने दोनदा दाखवले, एवढे म्हणता येईल.

मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. इंदूर दरबारला गेडिसने जो नगररचना अहवाल दिला आणि जो १९१८ मध्ये छापला गेला, त्यात मध्य भारतासाठी विद्यापीठाची सविस्तर योजना होती. रस्ते, गटारे आणि विद्यापीठ, तिन्ही एकाच अहवालात! गेडिसच्या दृष्टीने यात विसंगती नव्हती. शहराचे निदान सतत करत राहणारी संस्था शहरात नसेल, तर त्याच्यासारख्या फिरत्या वैद्याने एकदा येऊन नाडी पाहून काय उपयोग? इंदूरला विद्यापीठ यायला १९६४ उजाडले. पण १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने गेडिसलाच प्राध्यापक नेमून एक नवा विभाग उघडला. त्याचे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे : समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभाग.

१९२४ मध्ये त्याच्या जागी डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये आले आणि त्यांनी विभागाला देशभर कीर्ती मिळवून दिली. जात, जमात, कुटुंब, धर्म यांच्या अभ्यासाची मोठी परंपरा उभी राहिली. तिच्याबद्दल आदरच आहे. मात्र नावातला दुसरा शब्द हळूहळू मावळला. समाजशास्त्र विद्यापीठात राहिले आणि नागरिकशास्त्र शाळेत जाऊन बसले. तेही इतिहासाच्या पाठीमागे, वीस गुणांपुरते. राष्ट्रपतींच्या पात्रता पाठ करून आम्ही ते वीस गुण मिळवले. आपल्या गावचे पाणी कुठून येते, हा प्रश्न त्यात कधी आला नाही.

गेडिसचे सूत्र नकळत पुढे चालवले ते पुण्यात, धनंजयराव गाडगीळांनी. ते अर्थशास्त्रज्ञ. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि तिच्या पहिल्या मोठ्या कामांतले एक म्हणजे पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आला आणि दुसरा १९५२ मध्ये. पाहणी करणारे घरोघर गेले : घरात माणसे किती, खोल्या किती, धंदा काय, मिळकत काय. १९५६ मध्ये ना. वि. सोवनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच शहराची फेरपाहणी प्रसिद्ध केली. 'फेरपाहणी' या शब्दाचे मोल बँकेतल्या माणसाला लगेच कळते. एकदा मोजणे म्हणजे फोटो. पुन्हा मोजणे म्हणजे हिशेब.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. पुण्याने तो दिवस आठवणींत, गोष्टींत, भिंतींवरच्या पाण्याच्या खुणांत जपला आहे. गोखले संस्थेने त्याचा अभ्यास केला. सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांचे पुण्याच्या पुरावरचे आणि त्यानंतरच्या पुनर्वसनावरचे इंग्रजी पुस्तक १९६७ मध्ये निघाले. सुलभाताई धनंजयरावांच्या कन्या. गोळे पुढे नदीच्या, पक्ष्यांच्या आणि परिसराच्या अभ्यासाकडे वळले आणि १९८२ मध्ये त्यांनी पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. एका आपत्तीचा हिशेब मांडणारा माणूस पुढे नदीचा हिशेब मांडू लागला, हा योगायोग नाही. शहराची वही एकदा हातात घेतली, की पुढचे पान आपोआप उलटावेसे वाटते.

दुर्दैव असे, की पान उलटणारे हात कमी होत गेले. याला कुणी एक खलनायक नाही. विद्यापीठे वाढली, संलग्न महाविद्यालये शेकड्यांनी वाढली आणि विद्यापीठ हे मुख्यतः परीक्षा घेणारे कार्यालय झाले. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आणि तासिका तत्त्वावर काम करणारा तरुण अध्यापक तीन महाविद्यालयांत धावू लागला. त्याने ओढ्याकाठी जाऊन पाण्याचे नमुने कधी घ्यायचे? शिवाय बढतीसाठी जे मोजले जाते ते शोधनिबंध. त्यात परदेशी नियतकालिकातल्या निबंधाचा भाव वेगळा. आपल्या शहरातल्या एका नाल्याची वीस वर्षांची नोंद ठेवणाऱ्याला त्या तराजूत वजन नाही. जे मोजले जाते ते केले जाते, हे बँकेत ठेवींचे उद्दिष्ट लादले गेले तेव्हा आम्हीही पाहिले आहे. मार्च महिन्यात ठेवी वाढत आणि एप्रिलमध्ये उतरत.

नोंद नसली की काय होते, याचे उदाहरण मुंबईने दिले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याला त्याच काळात जेमतेम ७३. एकाच शहराच्या दोन टोकांना दोन वेगळे ऋतू. मधल्या मुंबईत, जिथे माणसे गाड्यांत कोंडली जात होती आणि मिठी नदी घरांत शिरत होती, तिथे किती पाऊस पडतो आहे हे त्या घटकेला सांगू शकेल अशी व्यवस्था नव्हती. पुढे शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, त्यांतले बरेच अग्निशमन केंद्रांच्या इमारतींवर; आणि या जाळ्याच्या आखणीत आयआयटी मुंबईतल्या प्राध्यापकांचे ज्ञान उपयोगी पडले. आज मुंबईकर जोराचा पाऊस आला की विभागवार आकडे बघतो, त्यामागे हे काम आहे. त्याला उद्घाटनाची फीत नसते. पण विद्यापीठाने शहराला काय द्यावे, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता पुणे. या शहराचा अभिमान असा, की आमच्या डोक्यावर चार धरणे आहेत. पण शहर जसजसे पसरले तसतसे ते धरणांवर कमी आणि जमिनीखालच्या पाण्यावर अधिक जगू लागले. २०१७ मध्ये अकरा गावे महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. हद्द एका आदेशाने वाढते. जलवाहिनी तशी वाढत नाही. मधल्या काळात माणसे विहिरीवर, बोअरवर आणि टँकरवर राहतात. टँकरही बहुधा कुठल्या तरी विहिरीतूनच भरलेला असतो. म्हणजे शहराचा एक मोठा भाग अशा खात्यातून रोज पैसे काढतो, ज्याचे पासबुकच कुणाकडे नाही. शिल्लक किती, भरणा किती, कुणी किती काढले, काही ठाऊक नाही. चेक वटतो आहे तोवर खाते चांगले!

जमिनीखालचे पाणी म्हणजे जागोजागच्या वेगवेगळ्या टाक्या नव्हेत. आपला कातळ बेसॉल्टचा, थरांवर थर असलेला. त्यातल्या फटींतून आणि मऊ पडलेल्या थरांतून पाणी सरकते. वरच्या टेकडीच्या उतारावर पाया खणला तर खालच्या वस्तीतला झरा आटू शकतो. एका सोसायटीने तीनशे फूट खाली जाऊन उपसा केला तर शेजारची विहीर उतरते. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांच्या पातळीची नोंद वर्षातून चार वेळा होते. पण त्या मुख्यतः ग्रामीण भागात. शहरांत जिथे उपसा अंदाधुंद, तिथेच नोंद विरळ.

याची किंमत काय, ते जानेवारी २०२५ मध्ये दिसले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात गिलन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले. आधी जुलाब-उलट्या, मग पायांतले बळ जाणे आणि काहींना थेट कृत्रिम श्वासोच्छ्वास. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशयाचा रोख दूषित पाण्याकडे वळला. मग धावाधाव झाली : विहिरीचे नमुने, टाक्यांचे नमुने, क्लोरिन, खासगी शुद्धीकरण केंद्रांना टाळे. यंत्रणेने त्या दिवसांत कष्ट केले, हे मान्य करायला हवे. प्रश्न आदल्या पाच वर्षांचा आहे. त्या भागातल्या विहिरींच्या पाण्याची महिन्याच्या महिन्याला नोंद कुणी ठेवली असती, तर बिघाड माणसांच्या पायांत दिसण्याआधी वहीत दिसण्याची शक्यता तरी होती.

तीच गोष्ट ओढ्यांची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेल्या लोंढ्याने आंबिल ओढ्याच्या काठची घरे, गाड्या, भिंती वाहून नेल्या. पुणे परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक माणसे दगावली. आंबिल ओढा काही अचानक उगवला नव्हता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याला तळे केले, ते याच ओढ्याच्या पाण्यावर, आणि कात्रजचे पाणी दगडी नळाने शहरात आणले तेही त्याच काळात. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यांना ओढ्याचा स्वभाव ठाऊक होता. आपण त्याच्या काठची रुंदी दरवर्षी मोजली असती, तर तो कुठल्या वर्षी, कुठे, किती आवळला गेला, याचा पुरावा आज हाती असता.

यावर नेहमीचे उत्तर असते, की माणसे कुठून आणायची आणि पैसा कुठून? बँकेत आयुष्य गेलेला माणूस या प्रश्नाला भीत नाही, तो आकडेमोड करतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते. एका महाविद्यालयात शंभर स्वयंसेवक धरा. वर्षाचे १२,००० तास झाले. आसपासच्या पन्नास विहिरींची पातळी महिन्यातून एकदा मोजायची, जाण्यायेण्यासकट दर विहिरीला एक तास धरला, तर वर्षाचे ६०० तास लागतात. म्हणजे शेकडा पाच. उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांत रक्तदान, पथनाट्य आणि ग्रामशिबिर सुखाने होईल. मोजायला लागते काय? एक लांब टेप, एक वही आणि दर महिन्याला न चुकता जाण्याची शिस्त.

दुसरी ठेव याहून मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालाने पर्यावरण शिक्षणाची वाट उघडली आणि पुढे २००३-०४ च्या सुमारास पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, तो वाणिज्य शाखेचा असो की संस्कृतचा, पर्यावरणाचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. पुण्याच्याच डॉ. इराक भरुचा यांच्या समितीने तो आखला. त्यात जवळच्या नदीला, टेकडीला, प्रदूषित जागेला भेट देऊन नोंद करण्याचे काम मुद्दाम घातले होते. विचार कल्पक होता : दरवर्षी लाखो तरुण आपापल्या गावाची नोंद करतील! प्रत्यक्षात झाले काय, ते कुठल्याही महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात विचारा. तयार प्रकल्प मिळतो, नाव तेवढे बदलायचे. कोकणातल्या मुलाच्या वहीत मुळा-मुठेचे प्रदूषण आणि पुण्याच्या मुलाच्या वहीत जागतिक तापमानवाढ. एप्रिलमध्ये गठ्ठे जमा होतात, जूनमध्ये रद्दीवाला येतो. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपली नोंद कुणी वाचणार नाही, पुढच्या वर्षी कुणाला लागणार नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळते. जी नोंद कुणी वाचत नाही ती खरी लिहिण्याचे कष्ट जगात कुणीच घेत नाही. बँकेतले अधिकारीही नाहीत.

म्हणून आत्ताची वेळ महत्त्वाची आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यात पदवीची जी रचना आली, तिच्यात क्षेत्र प्रकल्प आणि समुदायाशी जोडलेले काम यांना श्रेयांक आहेत. म्हणजे ती कामे आता ऐच्छिक शोभेची राहिली नाहीत. ही ठेव झेरॉक्सच्या दुकानात जाणार की शहराच्या वहीत, हे येत्या दोन-तीन वर्षांत ठरेल. एकदा वहिवाट पडली की मोडत नाही. माझी सूचना अगदी कारकुनी आहे. प्रत्येक महाविद्यालयाला त्याच्या दोन-तीन किलोमीटरच्या आतला एक ओढा, काही विहिरी आणि एक कचरा संकलनाची जागा कायमची नेमून द्यावी. नोंदीचा नमुना सर्वांना एकच असावा. दर वर्षीच्या तुकडीने आधीच्या तुकडीची वही ताब्यात घ्यावी, त्यातल्या काही नोंदी स्वतः पडताळाव्यात, सही करावी आणि पुढे लिहावे. बँकेत रोकड एका हातातून दुसऱ्या हातात जाताना असेच होते. आणि विद्यापीठातल्या भूशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र या विभागांनी या वह्या एकत्र करून, तपासून, मराठीत छापाव्यात.

आपल्या आवारापासून सुरुवात करायलाही हरकत नाही. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ सुमारे ८५३ एकरांचे. तिथे उतारावरचे पाणी अडवून तळी आणि शेततळी भरण्याचे, जुन्या विहिरी उपयोगात आणण्याचे काम झाले आणि पाण्याच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभे राहण्याकडे विद्यापीठाने पावले टाकली. ज्याने स्वतःच्या अंगणातल्या पाण्याचा हिशेब केला आहे, त्याला गावाचा हिशेब मागण्याचा अधिकार आपोआप येतो. एरवी हरित परिसराचे पारितोषिक भिंतीवर आणि प्रयोगशाळांचे सांडपाणी भिंतीपलीकडच्या नाल्यात, असे असेल तर बोलणार कोण?

सगळ्यांत अवघड प्रश्न मात्र पैशाचा नाही, तटस्थतेचा आहे. बँकेत तारण मालमत्तेची किंमत ठरवायला आमच्या पॅनेलवर मूल्यांकक असत. बरेचसे सचोटीचे होते. पण एखाद्याचे मूल्यांकन दर वेळी, मागितलेल्या कर्जाला पुरेल एवढे आणि वर थोडेसेच अधिक निघे. तो खोटे लिहीत असे, असे मी म्हणणार नाही. पुढचे काम कुणाकडून मिळणार हे त्याला ठाऊक होते, इतकेच. विद्यापीठांनी महापालिकांचे सल्लागार म्हणून शुल्क घ्यावे, असा आग्रह हल्ली धरला जातो. अनुदान आटले असताना तो समजण्यासारखा आहे. पण सल्लागाराचा अहवाल शुल्क देणाऱ्याच्या मालकीचा होतो. तो कपाटात ठेवायचा की बाहेर काढायचा, हे तो ठरवतो. टेकडीवरून रस्ता न्यावा की नाही यावर उद्या वाद झाला, तर त्या टेकडीची वीस वर्षांची नोंद सर्वांसाठी उघडी असली पाहिजे. रस्ता हवा असणाऱ्यालाही आणि नको असणाऱ्यालाही. विद्यापीठाने बाजू घ्यावी, असे मी म्हणत नाही. उलट बाजू न घेता आकडे उघडे ठेवणे, हीच त्याची ताकद. मात्र असे आकडे कुणाला तरी अडचणीचे होणार, फोन येणार, आणि तेव्हा आपल्या अध्यापकाच्या मागे उभा राहणारा कुलगुरू लागणार. तो मिळाला नाही तर वरची सगळी आकडेमोड फुकट आहे.

शहरात कोण किती दिवस टिकते, याचा एकदा विचार करावा. आयुक्त दोन-तीन वर्षांचा. नगरसेवक पाच वर्षांचा. बिल्डर ताबा देईपर्यंतचा. कुलगुरूही पाच वर्षांचाच. पण मुंबई विद्यापीठ १८५७ पासून आहे, पुण्याचे १९४९ पासून. भूजलाची नोंद दहा वर्षांची झाली की बोलू लागते, तीस वर्षांची झाली की तिला खोटे पाडणे कठीण जाते. इतक्या दीर्घ मुदतीचे काम जिच्यावर सोपवावे अशी संस्था शहरात ही एकच आहे. पहिल्या वर्षी विहिरीत टेप सोडणाऱ्या मुलीला त्यातून काही निष्पन्न झालेले दिसणार नाही. तिला तारीख, वेळ आणि पातळी एवढेच लिहायचे आहे, आणि खाली सही करायची आहे. तिच्यानंतरच्या विसाव्या तुकडीला मात्र आपले शहर अजून किती वर्षे पुरेल, हे अंदाजाने सांगावे लागणार नाही.